दोन्ही टोकांना निळा

बांधकामाच्या धंद्यात लोखंडासारखा अबोल माल दुसरा नाही. लाकडाचा वास घेता येतो, वीट वाजवून बघता येते, सिमेंटच्या पोत्यावर तर त्याची सगळी कुंडलीच छापलेली असते. पण दोन बीम शेजारी ठेवा, एक साध्या प्रतीचा आणि एक जादा ताकदीचा. ज्या कारखान्याने त्यांना जन्म दिला तोसुद्धा नुसतं बघून कोण कोणता ते सांगणार नाही. म्हणून बीमच्या एका टोकाला रंग लावतात. साध्याला लाल, ताकदीच्याला निळा. बस, तेवढीच ओळख. तो रंग गेला की उरतात ती जुळी पोरं, आणि त्यांना ओळखणारी आई नेमकी गावाला गेलेली असते.

ज्यांच्या ताब्यात यार्डातला असा सगळा माल होता त्यांना लोक पट्टीसाहेब म्हणत. पाठीमागे नुसतं पट्टी. वय पन्नाशीच्या पुढे, पदवी पहिल्या वर्गातली, आणि स्वभाव असा की घरी जेवायला बसले तरी ताटाची कड टेबलाच्या कडेला समांतर करून घ्यायचे. यार्डात एकही अँगल वाकडा पडलेला दिसत नसे. सळयांचे गठ्ठे जाडीप्रमाणे, चॅनेल उंचीप्रमाणे, बीमच्या रंगीत टोकांची तोंडं सगळी फाटकाकडे, शाळेच्या फोटोत मुलं बसवल्यासारखी. नियमांच्या पाट्या त्यांनी स्वतः लिहून टांगल्या होत्या. 'बीम नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून कापावा.' 'उरलेला माल आधी खपवावा.' दोन्ही नियम उत्तम होते. नियमांबद्दल कोणाची कधीच तक्रार नव्हती, कारण पाट्या कोणी वाचत नसे.

मग त्यांनी एक सुधारणा केली. कापायचं मशीन यार्डाच्या मागच्या शेडमध्ये होतं. माल तिथे न्यायचा, कापायचा, पुन्हा पुढे ट्रकपाशी आणायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? पट्टीसाहेबांनी मशीन उचलून फाटकाजवळ आणवलं. मालक खूश झाले, ट्रकवाले खूश झाले. फक्त एक गोष्ट झाली. आधी बीम मागे सरकायचा तेव्हा त्याचं बिनरंगाचं टोक पात्याखाली जायचं. आता तो पुढे सरकू लागला आणि रंगीत टोक पात्याखाली जाऊ लागलं. नियम पाळायचा तर प्रत्येक बीम क्रेनने उचलून उलटा फिरवायला हवा होता. क्रेनवाला म्हणाला, "फिरवतो की साहेब, एक एक करून. पण मग ट्रक उद्या भरेल." ट्रक आजच भरायचा असल्यामुळे बीम कोणी फिरवले नाहीत. गिऱ्हाइकांनी आपापले तुकडे नेले, आणि तुकड्यांबरोबर रंगही नेला. यार्डात उरले ते लांबच लांब, धडधाकट, बिननावाचे बीम. ते मागच्या भिंतीला रचून ठेवत गेले. माणसांनी त्या ढिगाचं बारसंही केलं, 'अनाथाश्रम'.

माल मोजायची वेळ आली तेव्हा मालक ढिगासमोर येऊन थांबले.

"हे काय?"

"वर्गीकरण चालू आहे, सर," पट्टीसाहेब म्हणाले.

हे खोटं नव्हतं. मनातल्या मनात चालूच होतं. खरे मार्ग दोनच होते. प्रत्येक बीमचा एक तुकडा तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचा, नाहीतर सगळा ढीग भंगारात घालायचा. दोन्हींसाठी कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायला लागलं की पहिलं वाक्य 'मशीन कोणी हलवलं' इथूनच सुरू होत होतं. ते वाक्य पट्टीसाहेबांना फार वाकडं वाटलं. मग एका सुट्टीच्या दुपारी ते एकटेच यार्डात आले, बरोबर रंगाचे दोन डबे आणि एक ब्रश. थोडं आठवून, थोडं अंदाजाने, आणि शेवटी शेवटी कोणत्या डब्यात रंग जास्त उरलाय ते पाहून, त्यांनी अनाथाश्रमाला बापाचं नाव लावून टाकलं. पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांना रंग दिला. आता कुठूनही कापा, ओळख राहणार. ओघळ आले ते चिंधीने पुसले. पुढे यार्डातल्या सगळ्याच मालाला ही पद्धत लावायची असं त्यांनी ठरवलं होतं, पण डबे संपले.

मालकांनी पाठ थोपटली आणि पट्टीसाहेबांनी ती थोपटू दिली. ढीग हळूहळू कमी झाला, भिंत मोकळी झाली. त्यानंतर ही गोष्ट ते विसरले असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्यांनी ती नीट रचून ठेवली, मागच्या बाजूला, जिथे क्रेन पोचत नाही.

*

त्यांच्या ताईने घराला नवा हॉल जोडायचा ठरवला तो दाजींसाठी. आजाराने दाजींचा एक पाय आणि एक हात नेला होता. जीभ तेवढी परत केली, तीही धार लावून. आता ते चाकाच्या खुर्चीत असायचे आणि जुन्या घरातल्या दारांना, कपाटांना, कोपऱ्यांना धडकत फिरायचे. ताईला एकच खोली हवी होती, मोठी, जिच्यात मध्ये काही म्हणजे काही नसेल. इंजिनिअरने सांगितलं, मध्ये खांब नको असेल तर वरचे बीम जादा ताकदीचे घ्या. ताई म्हणाली, "त्याची काळजी नको, माझा भाऊ लोखंडात आहे." हे वाक्य ती डॉक्टरांना, दूधवाल्याला आणि एकदा चुकून आलेल्या फोनलासुद्धा सांगून बसली होती. ऐकणाऱ्याला वाटावं, भाऊ कुठल्यातरी इमारतीच्या पायात चिणलेला आहे.

पट्टीसाहेबांनी यार्डात सांगून ठेवलं होतं, ताईकडे निळ्यातला चांगला माल पाठवा. माल गेला त्या दिवशी ते स्वतः कारखान्यावर होते. आज बीम चढले होते, वर पत्रा अंथरून झाला होता, उद्या सकाळी काँक्रीट पडायचं होतं. ताईने त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. स्वतःचं लोखंड डोक्यावर बघायला.

"हा माझा भाऊ," तिने ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदाराला ते आधीपासूनच माहीत होतं, पण तो बिचारा प्रत्येक वेळी नव्याने मान डोलवायचा.

हॉलच्या जमिनीवर ताईने खडूने एक मोठं वर्तुळ काढलं होतं. दाजींची खुर्ची गर्रकन फिरायला किती जागा लागते ते मापून. दाजी त्या वर्तुळात बसले होते, सर्कशीतल्या सिंहासारखे.

"या मेहुणे," ते म्हणाले. "वर बघा आणि खूश व्हा. आम्ही सकाळपासून दोनदा झालोय."

पट्टीसाहेब शिडीवर चढले. बीम भिंतींवर छान बसले होते, एकमेकांना समांतर, अंतर सारखं. त्यांना खरंच बरं वाटलं. जवळच्या टोकाला निळा रंग होता. त्यांनी तो समाधानाने पाहिला आणि समाधानानेच नजर बीमवरून सरकवत समोरच्या भिंतीपर्यंत नेली.

तिथेही निळा.

त्यांनी शेजारचा बीम पाहिला. त्याच्या शेजारचा पाहिला. सगळे दोन्ही टोकांना निळे. जगातला कुठलाही कारखाना बीमला दोन्ही टोकांना रंग लावत नाही. असा शहाणपणा करणारा माणूस एकच, आणि तो आता शिडीवर उभा होता. एका टोकाखाली चिंधीने पुसलेल्या ओघळाची पुसट खूणसुद्धा दिसत होती.

ते खाली उतरले, अंगणात गेले आणि लोडिंगवाल्या सुपरवायझरला फोन लावला.

"ताईंच्या ऑर्डरीला माल कुठून काढला होता?"

"मागच्या भिंतीचा साहेब, उरलेला, शेवटचाच. लांबी अशी फिट बसली की कापायचं कामच नाही पडलं. तुम्हीच पाटी लावलीय ना, उरलेला माल आधी खपवावा. मी वाचलीय ती." त्याच्या आवाजात अभिमान होता. एवढ्या वर्षांत पाटी वाचणारा पहिला माणूस भेटला, तो आज.

"शाब्बास," पट्टीसाहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते हॉलमध्ये परत आले. ते बीम साधे असले तरी नुसतं छपराचं ओझं धरतीलही कदाचित. पण वर ताई पुढेमागे खोली बांधणार होती, माणसं राहणार होती, आणि खाली खुर्चीतून चटकन उठू न शकणारा एक माणूस बसणार होता. आणि 'कदाचित' नावाची कुठलीही प्रत बाजारात मिळत नाही.

"काँक्रीट जरा पुढे ढकलू या का?" ते म्हणाले. "आभाळ आल्यासारखं वाटतंय."

"कुठे आलंय?" दाजी म्हणाले. "मान वळते माझी अजून. दाखवा."

आभाळ लख्ख होतं. पट्टीसाहेबांनी ते सगळ्यांबरोबर थोडा वेळ पाहिलं.

"नाही, म्हणजे, मी काय म्हणतो," त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली, "मध्ये एक खांब घेतला तर? जास्तीची सुरक्षितता. आजकाल सगळे घेतात."

ठेकेदाराने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, खांब नको म्हणून तर जादा ताकदीचे बीम घेतले. मग साधेच घेतले असते की."

"तरीपण."

"मेहुणे," दाजी म्हणाले, "बीम विकून झाले, आता खांब विकायला आलात? पुढच्या आठवड्यात काय, गज? आम्हाला आत कोंडायला?"

ठेकेदार हसला. पट्टीसाहेबांनाही हसल्यासारखं करावं लागलं. हसली नाही ती ताई. ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही गप्प बसा हो. प्रत्येक गोष्टीत याला टोमणे. तीस वर्षं लोखंडात घालवलीत त्याने. त्याला काहीतरी दिसत असेल म्हणून तो सांगतोय, उगाच कशाला सांगेल?" मग ठेकेदाराला म्हणाली, "तो म्हणतो ना, घ्या खांब."

"अगं ताई, घाई नाही..."

"नाही, तू म्हणालास ना. विषय संपला."

ठेकेदाराने मोजमाप घेतलं. खांब यायचा तो बरोबर मध्ये, म्हणजे खडूच्या वर्तुळात. त्याने खुणेसाठी तिथे चार विटा रचून उभ्या केल्या. दाजींनी चांगल्या हाताने चाक फिरवलं, खुर्ची वळवून पाहिली. ती विटांना धडकली. पुन्हा मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा धडकली. तिसऱ्यांदा कशीबशी वळली.

पट्टीसाहेब टोमण्याची वाट पाहत होते. त्यांना तो हवासा वाटत होता. एखादा चांगला खरमरीत टोमणा आला असता तर थोडं सुटल्यासारखं झालं असतं.

"जमेल," दाजी हळू म्हणाले. "थोडं मागेपुढे करावं लागेल, इतकंच. मला काय घरात शर्यत लावायचीय? घ्या खांब. मेहुण्यांना दिसत असेल काहीतरी."

एवढ्या वर्षांत दाजींनी त्यांचं कुठलंही म्हणणं पहिल्यांदाच बिनशर्त मान्य केलं होतं. पट्टीसाहेबांना वाटलं, जमिनीत त्या खांबाच्या पायासाठी खड्डा खणतील तेव्हा आपल्याला आधी त्यात घालावं.

"संबंधित मालाच्या प्रतीबाबत," ते म्हणाले, "निश्चित खात्री देता येईल अशी परिस्थिती नाही."

"मराठीत," दाजी म्हणाले.

"हे बीम ताकदीचे आहेत का साधे, मला माहीत नाही."

"निळे आहेत ना," ठेकेदार म्हणाला.

"निळा रंग मी लावला."

ताईचा चेहरा उजळला. वाईट वाटलं ते याच गोष्टीचं. "मग झालं तर! तू स्वतः लावलास म्हणजे तुला माहीतच असणार."

"नाही ताई. अंदाजाने लावला. त्यांचा खरा रंग कापण्यात गेला होता. चूक माझीच होती. ढीग पडला होता, तो..." त्यांनी योग्य शब्द शोधला, आणि खरा तेवढा एकच सापडला, "तो वाईट दिसत होता."

ठेकेदार सिमेंटच्या पोत्यावर बसला. त्याने वर पाहिलं, मग बूड उचलून दोन हात बाजूला सरकून पुन्हा बसला.

"वाईट दिसत होता," ताई म्हणाली. प्रश्न नव्हता. तिने नुसतं ते वाक्य स्वतःच्या तोंडात घालून पाहिलं, मीठ कमी-जास्त बघावं तसं. मग पुढे होऊन तिने चपलेने विटा पाडल्या आणि ठेकेदाराला म्हणाली, "काढा वरचे सगळे."

"आज?"

"मग काय, पाऊस पडल्यावर?"

पट्टीसाहेब म्हणाले, "नवे मी स्वतः निवडून पाठवतो. कागदासकट. काढायचा-चढवायचा सगळा खर्च माझा."

"ते तर आहेच." ती त्यांच्याकडे बघत नव्हती, वर बघत होती, बीम मोजल्यासारखी. "ढीग म्हणालास ना तू. माझ्याकडे एवढेच आले. बाकीचे?"

"कुठले बाकीचे?"

"अरे, ढिगातले."

पट्टीसाहेबांना ते माहीत नव्हतं असं नाही. भिंत मोकळी झाल्याचा त्यांना आनंद झाला होता, इतका की भिंतीला चुना लावून घेतला होता. बीम कुठे गेले हा प्रश्न त्यांनी भिंतीला विचारला नाही, आणि भिंतीनेही आपणहून सांगितलं नाही.

"विकले गेले," ते म्हणाले.

"कोणाला?"

"एक गोदामवाला होता. दवाखान्याच्या जिन्याला काही गेले. एक शिंपी, त्याने दुकानावर माळा घातला, वर बायका शिवायला बसतात." ते थांबले. एकदा आठवायला लागल्यावर सगळं फारच व्यवस्थित आठवत होतं. तो त्यांचा स्वभावच होता.

"आणि त्यांच्याकडे जाऊन काय सांगणार होतास? आभाळ आलंय?"

"सांगणार आहे. सोमवारी."

"आज यार्डाला सुट्टी आहे का?" दाजींनी विचारलं.

"नाही."

"सहज विचारलं."

पट्टीसाहेबांनी तिथेच उभं राहून मालकांना फोन लावला. आत जाऊन बोलावंसं फार वाटलं, पण ताई दारातच उभी होती. त्यांनी मशीनपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये एकदा 'तांत्रिक कारणास्तव' असं तोंडातून निघालं, ते त्यांनी परत घेतलं. पलीकडे मालक बोलू लागले. पट्टीसाहेब 'हो सर', 'हो सर' म्हणत राहिले. शेवटी एकदा 'पण सर' म्हणाले, आणि फोन संपला.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"कोणाकडे जाऊ नका म्हणाले. लोक घाबरतील, नाव खराब होईल. पुढच्या आठवड्यात बसू आणि काय ते पद्धतशीर करू."

"म्हणजे रंग लावू," दाजी म्हणाले.

कोणी हसलं नाही, दाजीसुद्धा नाही. पट्टीसाहेबांनी फोन खिशात ठेवला. नोकरी जाईल, ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. या वयात दुसरं यार्ड कोण देणार? आणि दिलंच तर कशाच्या जोरावर, ओळख कुठल्या टोकाला दाखवणार? मालक म्हणतात तसं आठवडाभर थांबणं सोपं होतं, आणि त्यांना नियमाने वागण्याची सवयही होती. वरिष्ठांचा आदेश होता. कोणी दोष दिला नसता. त्यांनी ताईकडे पाहिलं. ती पायात दुसऱ्या, बाहेरच्या चपला घालत होती.

"तू कुठे?"

"तुझ्याबरोबर. तू वाटेत परत फिरशील."

"नाही फिरणार."

"मग बरोबर आले म्हणून बिघडलं काय?"

शिंप्याचं दुकान सगळ्यात जवळ होतं. वाटेत ओळखीची एक बाई समोरून आली, थांबून भावाकडे बघून हसली, तेव्हा ताईही हसली आणि 'जरा घाईत आहोत' म्हणून पुढे निघाली. पट्टीसाहेब तिच्या अर्धं पाऊल मागे चालत होते, शाळेत मुख्याध्यापकांकडे नेत असल्यासारखे. पन्नाशीनंतर असं चालणं गुडघ्यांना जड जातं.

शिंपी दुकानात काउंटरवर कापड पसरून खडूने आखत होता. वरच्या माळ्यावरून मशीनची खडखड आणि बायकांचं हसणं येत होतं. पट्टीसाहेबांना पाहून त्याने कात्री बाजूला ठेवली.

"अरे! यार्डवाले साहेब ना तुम्ही? स्वतः आलात!" त्याने लगबगीने एक स्टूल ओढलं, बाहीने पुसलं, आणि बरोबर माळ्याखाली, पंख्याच्या वाऱ्यात आणून ठेवलं. "तुमच्या लोखंडाने काम झकास झालं बघा. सहाच्या जागी आता आठ मशीन बसवतोय वर. बसा, बसा ना. ताई, तुम्हीपण."

ताई बसली नाही. पट्टीसाहेबांनी वर पाहिलं. माळ्याला खालून पांढरा रंग मारला होता, टोकं भिंतीत गेली होती, बीम कोणता कळायला मार्ग नव्हता. वर कोणीतरी पायाने ताल धरला होता.

"वरच्या बायकांना आधी खाली बोलावता का?" ते म्हणाले. "मग सांगतो. ऐकून झालं की मला बसा म्हणायचं का नाही, ते ठरवा."